हाकेच्या धोंड्यापाशी आम्ही चपला का काढतो

डांबरी रस्ता संपून जुनी पायवाट जिथं कोकणात उतरायला लागते, तिथं खिंडीच्या तोंडाशी कमरेएवढा काळा धोंडा आहे. त्याला हाकेचा धोंडा म्हणतात. त्याच्यापुढं दरी आणि दरीच्या पलीकडं सरळ उभा कडा. त्या कड्याचं नाव मुका कडा. तुम्ही पाहुणी माणसं म्हणता, मुका कसला, चांगली ओ देतोय की. देतो. तुम्हाला देतो.

तुमच्या चपला पायांत राहू द्या. आमच्या धारवाडीच्या माणसाला मात्र इथं चपला काढाव्या लागतात, मग तो पुण्याहून बूट घालून सुट्टीवर आलेला का असेना. अनवाणी उभं राहायचं, धोंड्यावर हात ठेवायचा आणि दरीत तोंड करून 'नाईक हो!' अशी हाक मारायची. मग पान चघळून होईल एवढा वेळ थांबायचं. ओ येत नाही. मग चपला घालायच्या आणि आपल्या कामाला जायचं.

ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचं काम आमच्या घरच्या सुनेचं. माझ्या सासूनं सांगितली, तिच्या सासूनं सांगितली. बावीस वर्षं झाली, मी सांगते. गावात माझ्यापेक्षा शिकलेली माणसं आहेत, मी चौथीपर्यंतच गेले. पण ह्या कामाला शिक्षण लागत नाही. हे काम आमच्याच घराकडं का, ते पुढं कळेल.

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा ह्या घाटानं कोकणातलं मीठ वर येई आणि वरचं धान्य खाली जाई. सगळं बैलांच्या पाठीवर. पावसाळा सरत आला की घाटात धुकं भरतं, ते आजही तुम्ही बघाल. असं धुकं की स्वतःच्या बैलाचं शेपूट दिसत नाही. वाट तर दोन हात रुंद. म्हणून घाटाला नाईक नेमलेला असे. नेमणूक गडावरून होई, चांदीच्या मुठीची काठी मिळे, आणि घाटावर नाईकाचा शब्द शेवटचा. नाईकानं वाट बंद म्हटली की गडावरचा घोडासुद्धा थांबे.

आणि नाईकाचं मोठं काम काय, तर ओ देणं. हसू नका. खालून चढणारा माणूस धुक्यात अडकला की उभा राहून 'नाईक हो!' म्हणून हाक मारी. नाईक ह्या धोंड्यापाशी उभा असे. तो 'ओ' देई. आवाजाच्या रोखानं माणूस चार पावलं चाले, पुन्हा हाक, पुन्हा ओ. 'डाव्या अंगाला दगड आहे, तो धरून ये. आता थांब. आता वर.' असं करत करत माणसं आणि बैल एका माणसाच्या आवाजाला धरून वर येत.

नाईकाला एक नेम होता. धुक्यात फक्त 'नाईक' म्हटलं तरच ओ द्यायची. नावानं नाही, नात्यानं तर नाहीच. कारण धुक्यात चकवा असतो म्हणे. तो आपल्या माणसाच्या आवाजात बोलतो. आई म्हणतो, दादा म्हणतो. त्याला ओ दिली की माणूस त्याच्या मागं जातो आणि पुढं जमीन नसते. पण चकव्याला हुद्दा ठाऊक नसतो. त्याला नाती तेवढी ठाऊक.

तेव्हाचा नाईक होता रायाजी. माणूस खमक्या. एका भाद्रपदात तो इथं उभा राहून खालच्या सहा जणांना वर घेत होता. मधेच कुणीतरी 'दादा' म्हणून हाक मारली. रायाजीला एकच बहीण, हौसा. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परत आलेली. रायाजीला वाटलं, हौसाच वाट चुकली. त्यानं ओ दिली, धोंडा सोडला आणि आवाजाकडं गेला. हौसा त्या वेळी घरी चुलीपुढं होती. रायाजी दरीत गेला. आणि त्याच्या आवाजाला धरून येणारे ते सहा जण मध्येच आवाज तुटल्यावर बावरले. त्यांतले चार गेले.

रायाजीच्या मागं त्याची बायको म्हाळसा आणि पाळण्यातलं पोर. घाटाची वाट पायाखाली असलेला गावात दुसरा पुरुष नव्हता. होती हौसा. भावाबरोबर लहानपणापासून ती घाट उतरली होती. कुठला दगड हलतो, कुठली कपार ओली, हे तिला डोळे मिटून सांगता येई. गडकऱ्यानं तिला बोलावलं, धुकं असताना घाटानं चढवलं-उतरवलं आणि काठी तिच्या हातात दिली. सनद तिच्या नावानं झाली. हौसा, घाटाची नाईक.

गावानं वाघजाईच्या देवळात तिची शपथ बघितली. सगळं गाव होतं. हौसानं देवीच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, "धुक्यात कुणी आक्का म्हणो, पोरी म्हणो, आई म्हणो. नाईक म्हटल्याशिवाय मी ओ देणार नाही. माझा भाऊ नात्याला भुलला आणि पाच माणसं गेली. मी भुलणार नाही."

सगळ्यांनी ऐकलं. हे मी मुद्दाम सांगते. पुढं कुणी म्हणायला नको की माहीत नव्हतं.

देवळाच्या बाहेर आल्यावर हौसाचा चुलता गुणाजी, गावातला सगळ्यांत वडील, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "झ्याक झालं हौसाक्का. लाग आता कामाला."

हौसा म्हणाली, "काका, नाईक म्हणा."

"अगं, तू माझ्या मांडीवर खेळलीस."

"रायाजीदादा पण खेळला होता. त्याला नाईक म्हणत होतात."

गुणाजी हसला. बाकीचेही हसले. "नाईक म्हटलं की उठून उभं राहावं लागतं, पायातलं काढावं लागतं. ह्या वयात माझे गुडघे कशाला मोडतेस? आक्काच बरं. घरचं वाटतं."

तिथं सगळं आलं बघा. नाईक समोरून आला तर उठायचं, वहाणा काढायच्या, हात जोडायचे, ही रीत होती. आक्का आली तर बसल्या जागेवरून 'काय गं, जेवलीस का' विचारता येतं. आक्का म्हणण्यात माया नव्हती असं मी म्हणत नाही. होती. तिच्या घरी पहिला आंबा जाई, सणाला पुरणपोळी जाई. पण ती माया बसल्या जागेवरची होती. उठायचं कष्ट वाचवणारी. पुरुषांपैकी एकानं तर नाईक शब्दाचं बायकी रूप करून असा शब्द काढला की तो मी इथं सांगत नाही. चार दिवस पारावर त्याचंच हसू चाललं होतं.

आणि बायकांनी तरी कुठं म्हटलं? पुरुषांच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. विहिरीवर बायका तिला हौसाक्का म्हणत, आत्या म्हणत, नणंदबाई म्हणत. एकीच्या तोंडून नाईक निघालं नाही. तिच्यातलं एवढं मोठं काही मान्य केलं असतं, तर स्वतःकडं बघावं लागलं असतं ना.

हौसानं नऊ पावसाळे घाट राखला. त्या नऊ पावसाळ्यांत घाटात एक माणूस गेला नाही की एक बैल गेला नाही. कोकणातले मीठवाले खालून 'नाईक हो!' म्हणत. त्यांना वर कोण उभं आहे ते दिसत नसे, बाईचा आवाज तेवढा ऐकू येई. वर आले की ते वहाणा काढून हात जोडत. परकी माणसं. आणि शेजारच्या झाडाखाली आमचं गाव मांडी घालून बसलेलं असे.

एकदा हौसानं म्हाळसाला विचारलं म्हणे. घरात दोघीच होत्या, पोर झोपलेलं.

"वहिनी, गाव म्हणत नाही ते राहू दे. तू तरी म्हण."

म्हाळसा भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. तव्यावरची ताटात टाकून म्हणाली, "वन्सं, भाकरी गरम आहे तोवर खाऊन घ्या."

हौसानं पुन्हा विचारलं नाही. म्हाळसा दुष्ट नव्हती. तिच्या लेखी नाईक म्हणजे तिचा धनी. तो शब्द दुसऱ्या कुणाला दिला की तो खरंच गेला, असं तिला वाटे. हे तिनंच मागून सांगितलं. तेव्हा सांगून उपयोग नव्हता.

नवव्या वर्षी, गौरी नुकत्याच गेल्या होत्या, हौसा सकाळी वाट बघायला घाट उतरली. दर आठ दिवसांनी नाईक उतरे. कुठं दरड आली, कुठं दगड निसटला, बघून येई. दुपारपर्यंत ती परत यायची. त्या दिवशी धुकं लवकर भरलं आणि दुपार झाली तरी हौसा आली नाही.

गाव धावलं. तेही खोटं नाही. गुणाजी काठी टेकत आला, जवान माणसं आली, पंचवीस-तीस जण असतील. म्हाळसा पोर शेजारी ठेवून आली. एकमेकांचे हात धरून साखळी करून सगळे घाट उतरले आणि हाका मारायला लागले.

"हौसाक्काऽऽ!"

"आत्याऽऽ! ओ दे गंऽऽ!"

"हौसाऽऽ! पोरीऽऽ!" हा गुणाजी. त्याचा आवाज फाटला होता.

प्रत्येकानं आपलं आपलं नातं काढलं. दुपारभर काढलं. घसा बसेपर्यंत. ज्यांनी कधी सख्ख्या बहिणीला प्रेमानं हाक मारली नसेल, ते रडून हाका मारत होते. घाटभर नुसती नाती घुमत होती. एकाच्याही तोंडी तो शब्द आला नाही.

आला. म्हाळसाच्या आला होता. घाटाच्या मध्यावर एक वळण आहे, त्याला आता नाईकाचं वळण म्हणतात. तिथं ती थांबली. तिच्या मनात लख्ख उभं राहिलं, देवीच्या पायावरचा हात, ती शपथ. शब्द ओठावर आला. पुढं गुणाजी उभा होता, मागं चुलत दीर उभे होते, आणि तिच्या डोळ्यांपुढं रायाजी उभा होता. तिनं तोंड उघडलं आणि हाक मारली, "वन्संऽऽ!"

मग सगळे पुढं गेले. अंधार व्हायच्या आत गाव वर आलं. कुणी म्हणालं दरीत गेली, कुणी म्हणालं चकव्यानं नेली. बायकांनी रडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं तसंच होतं. कोकणातला एक मीठवाला, त्याचं नाव बाबाजी होतं असं सांगतात, तीन बैल घेऊन चढायला लागला. त्याला काय माहीत वर काय झालंय. अर्ध्या घाटात वाट दिसेना तसा तो उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणं त्यानं हाक मारली.

"नाईक हो!"

"ओ," उत्तर आलं. बारीक, पण आलं. "डाव्या हाताला दगड लागेल. धरून ये."

तो आला. पुन्हा हाक, पुन्हा ओ. "पहिला बैल मोकळा सोड, त्याला वाट माहीत आहे." तो तसा आला. त्या वळणावर पोचला तेव्हा आवाज त्याला समोरून नाही, पायाखालून आला. तो पालथा पडून खाली वाकला. वाटेच्या खाली, दोन पुरुष खोलीवर, एका कपारीत कारवीच्या झुडपांत हौसा पडली होती. वाटेचा दगड तिच्या पायाखालून निसटला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. काठी छातीशी धरलेली.

"नाईक, तुम्ही अशा खाली कशा? आणि गाव? कालपासून कुणी आलं नाही?"

हौसा म्हणाली, "हाका खूप आल्या काल. मला नव्हत्या."

बाबाजी एकटा, जवळ दोर नाही, कपार ओली. तो म्हणाला, मी उतरतो. तिनं त्याला उतरू दिलं नाही. "उतरशील तर दोघं राहू. वाट राहिलीय थोडी. तू चाल, मी सांगते. वर गेलास की गावाला सांग, नाईक इथं आहे." आणि खालूनच तिनं त्याला पुढची वळणं सांगितली. त्याला तिची ओ शेवटपर्यंत ऐकू येत होती म्हणे. खिंडीत पाय टेकला तेव्हा त्यानं रिवाजाप्रमाणं शेवटची हाक मारली, पोचलो म्हणून. तिनं त्यालाही ओ दिली.

बाबाजीनं गावात येऊन सांगितलं, "तुमचा नाईक मधल्या वळणाखाली आहे. दोर घ्या, चला." त्यानं 'मला नव्हत्या' हेही सांगितलं. ते ऐकून गुणाजी खाली बसला. आदल्या दिवशी त्याच वळणावर सगळे पाव घटका उभे राहिले होते. ती तिथं खाली होती. जागी होती. प्रत्येकाचा आवाज ओळखत होती.

आता काही म्हणतात की तिला तो चकवाच वाटला. भावाचं तसं झालं होतं, ती कशी भुलेल? काही म्हणतात, तिला सगळं समजत होतं, पण शपथ ती शपथ. आमच्या सासूबाई म्हणायच्या, ह्यातलं काहीही असलं तरी आपली सुटका नाही. एक शब्द होता. पाठ होता. फुकटचा होता.

गाव दोर घेऊन पळालं. धोंड्यापाशी गुणाजीनं सगळ्यांना थांबवलं. त्यानं वहाणा काढल्या. त्याचं बघून सगळ्यांनी काढल्या. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या पंचवीस-तीस गळ्यांनी एकदम हाक मारली.

"नाईक होऽऽ!"

ओ आली नाही.

पुन्हा मारली. वळणापर्यंत मारत गेले. म्हाळसा सगळ्यांत पुढं होती, ती तर हाक मारता मारता धापा टाकत होती. दोरानं दोघं खाली उतरले तेव्हा हौसा गेलेली होती. अंग अजून गार पडलं नव्हतं. म्हणजे वेळ थोडक्यात चुकली. शेवटची ओ तिनं परक्याला दिली, आणि आम्ही पोचलो तेव्हा ती संपली होती.

तिला वर आणलं. ह्या धोंड्यावर म्हाळसानं डोकं आपटलं आणि सगळ्या गावापुढं स्वतःचं सांगितलं, शब्द ओठावर आला होता आणि मी गिळला. ती म्हणाली, "बाकीच्यांना सुचलं नाही. मला सुचलं होतं. माझ्या घरची सून इथं अनवाणी उभी राहून हे सांगत जाईल. लपवणार नाही." त्या पाळण्यातल्या पोराचा वंश म्हणजे आमचं घर. कळलं ना आता.

तेव्हापासून परगावच्या माणसानं हाक मारली तर समोरचा कडा ओ देतो. आमच्यातल्या कुणी मारली तर देत नाही. एक मास्तर आले होते, ते म्हणाले, उभं राहायची जागा आणि वारा ह्यावर ते असतं. असेल. मास्तरांना ओ आली होती, ते परगावचे होते. मी माझं सांगते. लग्नाआधी मामाबरोबर मी इथं आले होते, सोळा वर्षांची होते. गंमत म्हणून हाक मारली आणि कड्यानं अशी स्वच्छ ओ दिली की मी मामाचा हात धरला. पुढं ह्याच गावात मला दिली. हळद फिटायच्या आधी सासूनं धोंड्यावर आणलं. हाक मारली. काही नाही. तेव्हापासून नाही.

गावात तेव्हापासून रीत आहे. बाई ज्या जागेवर बसली असेल, त्या जागेच्या नावानं तिला बोलवायचं, आणि उठून बोलवायचं. सरपंच असली तर सरपंच, पोलीस पाटील असली तर पाटील. घरात ती कुणाची सून, कुणाची पुतणी, ते घरात. रीत मोडली तर माणसानं इथं येऊन ओ येईपर्यंत हाका मारायच्या. ओ येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून घसा बसला की घरी जायचं.

आता उरलेलं सांगते. हे सासूनं सांगितलेलं नाही, माझं आहे, पण ह्याच गोष्टीत जातं.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या सरपंच झाल्या केतकी. वय सत्तावीस. माझ्या चुलत दिराची सून. पहिल्याच ग्रामसभेत त्या घाटाच्या वाटेबद्दल बोलायला उठल्या. धुक्याच्या दिवसांत पाहुण्यांना खाली सोडायचं नाही, असं काहीतरी होतं. पाहुणे आले नाहीत तर माझं सांगायचं काम बंद, माझा मान बंद. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "अगं ए पोरी, कालची तू, तुला घाटातलं काय कळतं? बस खाली." सभा हसली. गुणाजीच्या वेळी हसली असेल तशीच. आणि सरपंच खाली बसल्या.

बावीस वर्षं तोंडानं ही गोष्ट सांगणारी मी. माझ्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी मी इथं आले. कुणी पाठवायची वाट बघितली नाही. सकाळपासून दुपारपर्यंत हाका मारल्या. मग सरपंचांच्या दारात गेले, चपला बाहेर काढल्या, उभी राहिले आणि म्हटलं, "सरपंच, चुकले." त्या भांडी घासत होत्या. गडबडून उठल्या, म्हणाल्या, "अहो सासूबाई, आत या ना, चहा टाकते." त्यांनी माझ्यावर राग काढला असता तर बरं झालं असतं. धुक्यात वाट बंद ठेवायचा ठराव पुढच्या सभेत झाला, मी हात वर केला. पण आता सभेत बोलायला उठल्या की त्या आधी एकदा माझ्याकडं बघतात. मग बोलतात. ते बघणं काही केल्या जात नाही. ते मी त्यांना लावलंय.

आजही खिंडीत धुकं भरलं की धारवाडीचा माणूस धोंड्यापाशी चपला काढून उभा राहतो आणि नाईकाला हाक मारतो. आजही कडा परक्याला ओ देतो आणि आम्हाला देत नाही. आता तुम्ही मारा हाक. लाजू नका, पोटातून मारा. मी अशी बाजूला उभी राहते. ओ आली तर मला सांगायला येऊ नका, मला ऐकू येते. मला नसते, एवढंच.